कोळसा, विटा आणि वंगण

शाळेच्या जुन्या मुली परवा घरी आल्या होत्या. मुली कसल्या, त्यांच्याच मुलींची लग्नं व्हायला आलीत. शाळेची स्मरणिका काढायची म्हणे, आणि त्यात वाघमारे बाईंवर मी लिहायचं. का, तर "तुम्हीच त्यांच्या सगळ्यात जवळच्या मैत्रीण होतात ना, बाई!"

मैत्रीण! माझा चहा बशीत सांडला. इतकी वर्षं या पोरींना मी गृहशास्त्र शिकवलं, पण माणसं ओळखायला काही त्या शिकल्या नाहीत. मी म्हटलं, लिहीन, पण गोडगोड लिहीन असं समजू नका. त्या हसल्या. त्यांना वाटलं, सावंतबाई गंमत करतायत.

गंमत नाही. मला त्या बाईचा मत्सर वाटायचा. हेवा नव्हे, हेवा जरा सभ्य असतो. मला चांगला घसघशीत मत्सर वाटायचा. ती मुंबई सोडून गेली त्याला किती काळ लोटला, पण तो मत्सर काही पुरता गेलेला नाही. आणि जावा असं मला फारसं वाटतही नाही.

ती आली ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास. मुलुंडची आमची शाळा मुलींची. पी.टी.च्या आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि जूनमध्ये ही दारात उभी. उंच, सावळी, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्या बुटांकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिथंच रडली असती. हिनंही वाकून आपल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला घालून पळता येत नाही हो." झालं, विषय संपला. मी एकदा बिनबाह्यांचा ब्लाउज घालून आले होते तर त्याच मोठ्या बाईंनी मला आठवडाभर ऐकवलं होतं.

परभणीकडची होती. बाप पूर्णा जंक्शनला इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर. लग्न केलेलं नव्हतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. भेटल्या भेटल्या माणसाला 'तू' म्हणायची. मी नोकरीत जुनी, वयानं मोठी, तर पहिल्याच दिवशी मला म्हणते, "तू गृहशास्त्रवाली ना? तुझी खोली दाखव की."

दाखवली. माझा ओटा, माझे स्टोव्ह, माझी घासूनपुसून मांडलेली पातेली. भिंतीवर मी मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः रंगवलेला समतोल आहाराचा तक्ता होता. कर्बोदके पिवळ्या रंगात, प्रथिने लाल, स्निग्ध पदार्थ निळे. खाली भात, डाळ, अंडं, मासा, तुपाची वाटी, सगळी चित्रं. निरीक्षक बाईंनी त्या तक्त्याची शेऱ्यात स्तुती केली होती. वाघमारेनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली आणि म्हणाली, "तक्ता झकास आहे गं. पण पोरींना यातलं काही खावंसं वाटतं का?"

असली माणसं आपल्याला उत्तर सुचायच्या आत निघून जातात.

मग तिनं डबे तपासायला सुरुवात केली. तोवर शाळेत नखं तपासायचे, रिबिनी तपासायचे. ही मधल्या सुट्टीत शिट्टी फुंकत वर्गात शिरायची आणि म्हणायची, "झाकणं उघडा." एकेका डब्यात डोकावायची. "कोळसा आहे. वीट कुठंय?" पोरगी गोंधळायची. मग ही बाकावर बूड टेकून सांगायची. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा हा सगळा कोळसा. तो जळतो म्हणून तू पळतेस. डाळ, उसळ, अंडं, मासळी, दूध ह्या विटा. त्यांच्यानं तू बांधली जातेस. आणि तेल, तूप, खोबरं, दाणे हे वंगण. ते नसलं तर इंजिन कुरकुरतं, आणि जास्त झालं तर चाक जागच्या जागी घसरतं. "माझ्या बापानं फक्त कोळशावर गाडी हाकली असती तर ती पूर्ण्याच्या पुढं गेली नसती."

बस. एवढंच. मी जे दोन महिने शिकवायचे ते हिनं एका मधल्या सुट्टीत उरकलं. पुढच्या सोमवारी मी आठवीच्या वर्गात विचारलं, "प्रथिनांचं कार्य काय?" तर पहिल्या बाकावरची म्हणाली, "विटा, बाई." सगळा वर्ग खूश. मी तिला उभं केलं आणि 'शरीराची वाढ व झीज भरून काढणे' असं पाच वेळा म्हणायला लावलं. परीक्षेत 'विटा' लिहून गुण मिळत नाहीत, हे कुणीतरी सांगायला नको?

टीचर्स रूममध्ये तिच्या विरुद्ध बोलणारी मी एकटी नव्हते. पण एक दिवस कुणीतरी तिच्या आडनावावरून सूर लावला. या लोकांना आता काय, सगळीकडे पुढे पुढे करायचंच असतं, वगैरे. मी ताडकन उठले. म्हटलं, आडनाव काढायचं काम नाही. माझा तिच्यावरचा राग अस्सल होता, त्यात ही भेसळ मला नको होती. त्या दिवसापासून सगळ्यांनी ठरवून टाकलं की आमची मैत्री आहे.

तिच्या कमरेला एक बटवा असायचा, त्यात भाजलेले दाणे. कुणी चिडलं, रडलं, भांडलं की त्याच्या हातावर मूठभर दाणे ठेवायची. तिचं पक्कं मत होतं की राग म्हणजे भूकच. मोठ्या बाईंच्या हातावरसुद्धा ठेवले होते एकदा, फीवरून पालकांशी जुंपली होती तेव्हा. मोठ्या बाईंनी ते खाल्ले हो! माझ्या हातावर तर तिनं इतक्या वेळा ठेवले की विचारू नका. "चिडायलीस कशाला? सकाळी काही खाल्लंस का?" मी खाल्लेलं असायचं. पोटभर खाल्लेलं असायचं. तरी तिच्यासमोर मुकाट दाणे चावत बसायचे, कारण नाही म्हटलं तर ती आणखी मूठभर द्यायची.

श्रावणातली गोष्ट. खो-खोचे सामने तोंडावर आले होते आणि संघातल्या अर्ध्या मुलींना सोमवारचे उपवास. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. वाघमारे म्हणाली, "हा सगळा कोळसाच आहे. असा उपवास माझ्या मैदानावर चालायचा नाही." हे घरोघरी पोचलं आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा आया शाळेच्या फाटकात. आमच्याच बाजूच्या जास्त, मालवण, देवगड, कणकवलीच्या. पदर खोचून आलेल्या. मी वरच्या मजल्यावरून खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. म्हटलं आता बघू, शिट्टी कुणाला वाजवून दाखवतेस ते.

एक बाई म्हणाली, "आमच्या देवाधर्मात तुम्ही पडायचं नाही, सांगून ठेवते."

"नाही पडत," ही शांतपणे म्हणाली. "मला एवढंच सांगा, तुमच्या देवाला दाणे चालतात ना?"

"चालतात."

"दही?"

"चालतं की."

"दूध, राजगिरा?"

"चालतं हो. सगळं चालतं."

"मग देव एवढं खा म्हणायलाय, तर तुम्ही नुसत्या साबुदाण्यावर का ठेवता पोरींना? खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घाला, सोबत वाटीभर दही द्या, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. उपवास पण होईल आणि पोरगी पण पडायची नाही."

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यातली एक हसली आणि तिनं विचारलं, "बाई, माझ्या धाकट्याच्या पायात पेटके येतात, तेका काय देऊ?" झालं! अर्धा तास फाटकात दवाखाना भरला. मी खिडकी लावून घेतली आणि सातवीच्या वह्या तपासायला बसले. त्या दिवशी सगळ्यांना कमी गुण पडले.

हे सगळं मी गिळलं असतं. शाळेतली गोष्ट शाळेत. पण माझी नंदू त्याच शाळेत होती.

नंदिनी, माझी एकुलती एक. बारीक, काटकुळी, जेवणाच्या बाबतीत महाहट्टी. मी काय काय म्हणून केलं नाही तिच्यासाठी! बांगड्याचं तिखलं, डाळीची आमटी, खोबऱ्याची कापं. ती ताटात बोटानं रेघोट्या ओढत बसायची. डबा तसाच परत यायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "चेडू वाळान गेला, आणि आवस गृहशास्त्र शिकयता!" पोर वाळत चालली आणि आई गृहशास्त्र शिकवते, हे मी वर्षानुवर्षं ऐकत होते. जिच्या हाताखाली शेकडो मुली स्वयंपाक शिकल्या, तिची स्वतःची मुलगी तिच्या हातचं जेवत नाही, यापेक्षा मोठा अपमान असतो का?

आठवीत नंदू खो-खोच्या संघात गेली. वाघमारे मुलुंड पूर्वेला एका खोलीत राहायची, आम्ही पश्चिमेला सोसायटीत. सरावानंतर दोन-तीन पोरी तिच्याबरोबर पूल ओलांडून तिच्या घरी जायच्या. एकदा नंदू घरी आली ती ढेकर देत. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाली, "नको आई, मी बाईंकडे जेवले. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, जवसाची चटणी. दोन भाकऱ्या खाल्ल्या मी!"

दोन! माझ्याकडे अर्धी चपाती जिच्या घशाखाली उतरत नव्हती, तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. आणि वर माझ्या ताटाकडे बघून काय म्हणाली, "आई, आपल्याकडे नुसता कोळसाच असतो गं."

मी ताट उचललं आणि आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. रडले नाही. दुसऱ्या दिवशी मूग भिजवले, मोड आणले, उसळ केली. झक्कास झाली होती. माझ्या हाताला चव आहे, हे माझे शत्रूही मान्य करतील. नंदूनं घास घेतला आणि म्हणाली, "छान झालीय." पाहुण्यांकडे गेल्यावर म्हणतात ना, तसं. मला त्यापेक्षा तिनं ताट भिरकावलेलं परवडलं असतं.

पण पुढच्याच वर्षी वाघमारेची चांगलीच जिरली, आणि ती जिरली भातावरून. तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं, की भात खाऊन मुली सुस्तावतात. स्वतः भाकरीच्या मुलखातली ना! विभागाची अंतिम फेरी आठवड्यावर होती, घाटकोपरच्या शाळेशी गाठ. हिनं फर्मान काढलं, "आठ दिवस भात बंद." तिच्या मनात होतं की भाताऐवजी पोरी भाकरी खातील. पण आमच्या कोकणातल्या घरांत भाताऐवजी काय असतं? काही नसतं! भाकरी करायची तर तीही तांदळाचीच. मुलींनी घरी जाऊन सांगितलं, बाईंनी तांदूळ बंद केला. आयांनी बिचाऱ्यांनी आमटी, मासळी, अंडी वाढली आणि भाताचं पातेलं बाजूला सरकवलं. माझ्या नंदूनंसुद्धा भात नाकारला. मी म्हटलं, "अगं, घासभर तरी घे," तर म्हणे, "बाईंनी नाही सांगितलंय." म्हटलं, मग ऐक तुझ्या बाईंचं.

सामन्यात पहिल्या डावाला ठीक चाललं. दुसऱ्या डावात एकेकीचे पाय लटपटायला लागले. नंदू उठून पळाली आणि अर्ध्यात खाली बसली. सपाटून हरल्या. विटा भरपूर होत्या, पण कोळसा संपला होता.

मला वाटलं, आता ही तोंड लपवेल. छे! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आठशे मुलींसमोर मंचावर चढली. म्हणाली, "काल पोरी हरल्या नाहीत, मी त्यांना हरवलं. मला तुमच्या घरातलं जेवण माहीत नव्हतं आणि मी न विचारता हुकूम सोडला. चुकलं माझं." सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी सतरा वर्षं बिनचूक शिकवत होते, माझ्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. ही चुकली तर टाळ्या. खाली येऊन सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "तुमच्याकडं सकाळी उठून कामाला जायच्या आधी काय खातात गं?"

"पेज," मी म्हटलं. "उकड्या तांदळाची."

"मला शिकव."

"शिकवणार नाही. हवी तर करून देईन."

हे मी मुद्दाम म्हटलं. एक तरी गोष्ट माझ्या हातात राहू दे. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी सकाळी मी गृहशास्त्राच्या खोलीत स्टोव्ह पेटवायचे आणि मोठं पातेलं भरून पेज करायचे. तांदूळ मऊ, पण दाणा मोडलेला नाही, मीठ बेताचं. वाघमारे येऊन पातेलं मैदानावर न्यायची आणि आपल्या हातानं मुलींना वाढायची. मी कधी खाली गेले नाही. मैदान तिचं, खोली माझी. पातेलं रिकामं होऊन, घासून परत यायचं. पुढच्या वर्षी मुली जिंकल्या, त्याच्या पुढच्याही वर्षी जिंकल्या, आणि शाळाभर एक शब्द झाला: 'बाईंची पेज'. बाईंची म्हणजे कुणाची? माझी नव्हे! माझ्या आजीनं मला पायरीवर बसवून शिकवलेली पेज, आणि नाव झालं परभणीचं. मी सांगायला गेले असते तर क्षुद्र ठरले असते. म्हणून नाही सांगितलं, पण जळायचे मात्र रोज.

नंदू कॉलेजात गेली, बी.कॉम. झाली, अठ्ठ्याऐंशीला तिचं लग्न झालं आणि ती बोरिवलीला गेली. पुढच्या वर्षी बाळाची चाहूल लागली. आणि सुरू झाल्या उलट्या. म्हटलं, तीन महिन्यांनी थांबतील. चौथा गेला, पाचवा लागला, तरी पाणीसुद्धा पोटात ठरेना. जावई तिला माझ्याकडे आणून सोडून गेले. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "पोटातलं मूल वाढतंय ते हिच्या हाडामांसातून. हिच्या पोटात काही राहिलं नाही तर मला हिला ॲडमिट करावं लागेल." मी प्रथिनं म्हणजे काय हे आयुष्यभर शिकवलेली बाई. त्या काय म्हणतायत ते मला कुणापेक्षाही जास्त कळलं.

मी एकामागून एक करत सुटले. मुगाचं कढण, नाचणीची आंबील, सोलकढी, भाजलेली बोंबलाची काडी. नंदू एकेक घास घ्यायची आणि मोरीकडे पळायची. डोहाळे आईनं पुरवायचे असतात. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "नंदू, बाळा, तुला जे वाटतं ते सांग. जगातलं काहीही सांग."

तिनं डोळे मिटले होते. म्हणाली, "बाईंची पेज."

देवा! मी तिथंच खाली बसले. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. पण उठले, तांदूळ वैरले, पेज केली. वाटी तिच्या ओठाला लावली. तिनं एक घोट घेतला आणि मान हलवली. "ही नाही गं आई. बाईंची."

"अगं, हीच ती!" मी ओरडले. अशा अवस्थेतल्या मुलीवर ओरडू नये, ते मला कळतं. पण ओरडले. "ती मीच करायचे! माझ्या खोलीत, माझ्या स्टोव्हवर!"

"असेल," ती थकून म्हणाली. "पण चव ही नव्हती."

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ते मैदान ओलांडून पलीकडे गेले. वाघमारे चुन्याच्या रेघा मारत होती. थकलेली वाटली. ते तिचं आमच्याकडचं शेवटचंच वर्ष होतं. बाप अंथरुणाला खिळला होता, म्हणून ती राजीनामा देऊन परभणीला चालली होती. मी आडवळण घेतलं नाही. विचारलं, "माझ्या पेजेत तू काय घालायचीस?"

"कूट," ती म्हणाली. "दाण्याचं. आणि वरून तूप."

"माझ्या पेजेत?"

"मग? नुसता कोळसा कसा देऊ पोरींना?"

पेजेत दाण्याचं कूट! माझ्या आजीनं ऐकलं असतं तर तिनं पातेलं विहिरीत टाकलं असतं. इतकी वर्षं मी तांदळाचा दाणा मोडू नये म्हणून जीव टाकत होते आणि ही खाली जाऊन त्यात कूट कालवत होती! मी तिला काय काय बोलले. सगळं बोलले. पेजेचं बोलले, भाकऱ्यांचं बोलले, नंदूचं बोलले. मैदानावरच्या पोरी थांबून बघायला लागल्या. तिनं ऐकून घेतलं, पण या खेपेला दाणे काही काढले नाहीत. एवढंच म्हणाली, "नंदूला काय झालंय?"

मी सांगितलं.

"येऊ का मी?"

"नको. मला कळलंय आता. मी करते."

घरी आले, दाणे भाजले, कूट केलं, पेजेत कालवलं, वर तूप सोडलं. नंदूनं चार चमचे घेतले. म्हणाली, "छान झालीय, आई." तोच तो पाहुण्यांकडचा सूर. आणि मग उठून मोरीत गेली. मी दाराबाहेर उभी राहून तिचं ते ओकणं ऐकत होते. तेव्हा मी ठरवलं. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, माझी मुलगी मला हवी होती. सोसायटीतल्या फोनवरून मी शाळेच्या शिपायाला निरोप दिला.

ती संध्याकाळी आली. बूट दारात काढले, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "पेज तूच कर. मी बसते तिच्याजवळ."

मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. तिनं नंदूला खाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. संघातली अमकी आता कुठे असते, तमकीनं बँकेत नोकरी धरली, पूर्ण्याचं जुनं स्टेशन पाडणार म्हणतात, असलं काहीबाही. मी पातेलं नेऊन ठेवलं. तिनं कूट घातलं, तूप सोडलं, ढवळलं आणि बोलता बोलता एक चमचा नंदूच्या तोंडात दिला. मग गप्पा. मग बऱ्याच वेळानं दुसरा. चमचा रिकामा झाला की नाही, याकडे ती बघतही नव्हती. मी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि प्रत्येक घोटाला माझाच घसा हलत होता. नंदू मोरीकडे गेली नाही. वाटी संपली. ती आडवी झाली आणि वाघमारेच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

मला बरं वाटलं का? वाटलं. माझ्या मुलीच्या पोटात अन्न राहिलं, मला रडू येत होतं. पण त्याच वेळी ते डोकं तिच्या मांडीवर आहे, हेही मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. दोन्ही खरं आहे. मी तिथून हलले नाही, आत गेले नाही, चहासुद्धा टाकला नाही. नुसती बघत राहिले. नंदूचं तोंड किंचित उघडं होतं, लहानपणी असायचं तसं, आणि वाघमारेचा हात तिच्या केसांत होता.

मग तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. हातानं खूण केली, ये. मी गेले. तिनं जवळ बसायला खुणावलं. मी बसले. तिनं दोन्ही तळव्यांत नंदूचं डोकं उचललं, इतकं अलगद की तिचा श्वाससुद्धा बदलला नाही, आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"पायाला मुंग्या आल्यात माझ्या," ती कुजबुजली. "घे. तुझी आहे."

भिंतीला धरून उठली. दारापाशी जाऊन बूट घातले नाहीत, आवाज होईल म्हणून हातातच घेतले, आणि अनवाणी बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं. पुढच्याच आठवड्यात ती परभणीला गेली. नंदूसाठी मी तोवर रजेवर होते, म्हणून मी तिला पाहिलं ते तेवढंच.

माझीच मुलगी तिनं मला उचलून दिली, आणि मला ते देणंसुद्धा सोसलं नाही. थोड्या वेळानं माझ्याही पायाला मुंग्या आल्या. मग पाय बधिर झाला. सासूबाईंनी दिवा लावला, जावयांचा फोन आला म्हणून कुणीतरी हाक मारून गेलं. मी उठले नाही. ती बाई जितका वेळ बसली होती, त्यापेक्षा जास्त वेळ मला बसायचं होतं.